मला ते नाव येत होतं

मास्तरांबद्दल लिहायचं तर आधी माझी तक्रार सांगतो, कारण ती अजून मिटलेली नाही. आमच्या चर्चच्या मराठी मंडळीच्या शेवटच्या उपासनेत, सगळी माणसं समोर बसलेली असताना, मी एका नावापाशी थांबलो आणि मास्तरांनी मला ते नाव सांगितलं. मला ते येत होतं. सात वर्षं मी ते एकदाही चुकलो नव्हतो. मास्तर वारले ते मी विसरलो असं धरूनच वारले, आणि गेलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. घालता आला असता तर मी जिंकलो असतो.

हैदराबादच्या मलकपेठेत रेसकोर्सच्या रस्त्याला माझं जुन्या लाकडी सामानाचं दुकान आहे. लोक विकतात ते घेतो, दुरुस्त करतो, विकतो. सुरुवात डोक्यावरून फळ्या वाहण्यापासून केली. मी वाढलो मिशनच्या अनाथाश्रमात. कुठल्याशा दुष्काळात कुणीतरी फाटकाशी ठेवून गेलं, एवढीच माझी माहिती. आडनाव तिथल्या बाईंनी दिलं. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं भांडण त्यावरूनच आहे.

मास्तर अंबरपेठेत एका खोलीत एकटे राहायचे. जालन्याकडच्या मिशनच्या मराठी शाळेत आयुष्य गेलेलं. उंच, किंचित वाकलेले, कोट उन्हाळ्यातही अंगात. हातात छत्री, पण तिला कापड नव्हतं. कापड विरलं तेव्हा त्यांनी ते कुणाच्या तरी उशीला दिलं, काड्या तारवाल्याला दिल्या, आणि दांडा घेऊन फिरायला लागले. कुणी काठी म्हटलं तर राग यायचा. "छत्रीच आहे. उघडत नाही इतकंच."

चिक्कडपल्लीच्या एका गल्लीत आमच्या चर्चचं पत्र्याचं मंदिर होतं. सकाळी आठला आमची मराठी उपासना, दहाला तेलुगू मंडळीची. पाळक एकच, तेलुगू मंडळीचे. त्यांना सगळे अय्यगारू म्हणत. ते महिन्यातून एकदा आमच्याकडे प्रभुभोजनाचा विधी करायला यायचे, बाकीचे रविवार मास्तरांचे. दाराशी एक लोखंडी पेटी असायची. बाहेर चपला काढायच्या आणि पेटीत पुस्तकं टाकायची. शास्त्र म्हणजे बायबल, गीतांचं पुस्तक, सगळं. मास्तर पेटीला कुलूप घालायचे आणि किल्ली कोटाच्या आतल्या खिशात. एकदा अय्यगारूंनी आपलं पुस्तक काखेत धरून आत पाऊल टाकलं. मास्तरांनी छत्री आडवी धरली.

"मास्तरगारू, मी पाळक आहे," अय्यगारू म्हणाले.

"म्हणूनच. तुम्हाला तर जास्त पाठ असेल."

अय्यगारूंनी पुस्तक पेटीत टाकलं. त्या दिवशीचा उपदेश फार छोटा झाला.

पद्धत अशी होती. नव्या करारातल्या पहिल्या शुभवर्तमानाचे अठ्ठावीस अध्याय मास्तरांनी आमच्या वीस-बावीस घरांत वाटून दिले होते. एकेका घराकडे एक, दांडग्या घराकडे दोन. त्या घरानं तो अध्याय तोंडपाठ ठेवायचा. रविवारी मास्तर आकडा पुकारायचे, त्या घरातलं कुणीतरी उभं राहायचं आणि अध्याय म्हणायचं. मध्ये कुणी सुचवायचं नाही, हा कडक नियम. अडलं की मास्तर छत्रीचा दांडा फरशीवर एकदा ठोकायचे. मग दुसऱ्यांदा. तिसरा ठोका पडला की अध्याय सुटला. म्हणजे ते घर महिनाभर मागच्या बाकावर, आणि पुन्हा पहिल्यापासून पाठांतर.

हळूहळू माणसांची नावं मागे पडून आकडेच नावं झाले. टेलर म्हणजे तेरावा, कारण पेरणाऱ्याच्या दाखल्याचा अध्याय त्याच्याकडे होता. टपाल खात्यातला क्लार्क सहावा. उद्याची चिंता उद्यावर सोडा असं सांगणारा अध्याय त्याच्याकडे, आणि अख्ख्या मंडळीत त्याच्याइतका काळजी करणारा माणूस नव्हता. गॅसची बत्ती विझवली की नाही ते बघायला तो उपासनेतून उठून घरी जायचा. मास्तरांनी मुद्दामच दिला होता तो त्याला.

हे पुकारणं मंदिरात संपत नसे. भाजीच्या बाजारात, भर गर्दीत, मागून आवाज यायचा, "सतरावा!" आणि सतराव्याची बायको, एक मावशी होत्या, त्या वांगीवालीच्या टोपलीमागे खाली बसायच्या.

"मास्तर, अवो हातात भाजी हाय!"

"संकट काय हात धुवून येतं का? म्हणा. पहिल्या ओळीपासून."

मावशी पिशवी धरून म्हणायच्या, वांगीवाली तोंडाला पदर लावून हसायची. वर्षभरानं त्या तेलुगू वांगीवालीला सतराव्याच्या पहिल्या चार ओळी मराठीत येत होत्या. मास्तरांनी ते मोठ्या अभिमानानं अय्यगारूंना सांगितलं.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही कुणी विचारलं म्हणून नाही. संस्थानाच्या शेवटच्या गडबडीत मास्तर आणि त्यांची बायको गाव सोडून एका बंद पडलेल्या चुनाभट्टीत लपले होते. नऊ दिवस. बाईंना ताप होता. पुस्तकं शाळेत राहिली. बाई म्हणाल्या, शास्त्रातलं काही म्हणा. मास्तर म्हणायला लागले.

"चौदा ओळी निघाल्या," मास्तर म्हणाले. "तीस वर्षं मी शास्त्र शिकवलं. रोज. आणि आतून काढायला गेलो तर चौदा ओळी. त्यातल्या तीन मी चुकीच्या म्हणतोय हे मलाच कळत होतं. तिलाही कळत होतं. ती बोलली नाही. नऊ दिवस त्याच चौदा ओळी ऐकल्या तिनं."

बाई त्या भट्टीतून बाहेर आल्या नाहीत. मास्तर एकटे हैदराबादला आले, आणि आल्यावर पहिलं काम ही वाटणी केली. पुस्तकात आहे तोवर तो विश्वास पुस्तकाचा असतो, तुमचा नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं. ते वाक्य ते सगळ्यांना ऐकवायचे. चुनाभट्टीचं मात्र पुन्हा काढलं नाही.

आता माझ्या अध्यायाकडे येतो.

मला मास्तरांनी पहिला दिला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तो अध्याय म्हणजे बापांची यादी. अब्राहामापासून सुरू होते. याला हा झाला, त्याला तो झाला, असे चाळीसेक बाप एकामागून एक. सगळ्यात शेवटी योसेफ सुतार. तो प्रभूचा जन्मदाता बाप नव्हता, पण त्या मुलाला त्यानं आपला म्हणून घरात घेतलं आणि नाव ठेवलं. यादीनंतर त्याचीच गोष्ट आहे, थोडीशी. पण आधी ती यादी.

मंदिरात वाटणी चालली होती. कुणाला डोंगरावरचं प्रवचन, कुणाला वादळ शांत केल्याचं, कुणाला भाकरी-मासळी. मास्तर माझ्याकडे वळले. "तू पहिला. बापांचा." मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. ज्याला स्वतःचा एक बाप माहीत नाही त्याच्या माथी चाळीस बाप. उठून बाहेर जाणार होतो, पण पुस्तक पेटीत होतं आणि किल्ली मास्तरांकडे.

मी सरळ टेलरकडे गेलो. म्हटलं, तेरावा मला दे, पहिला तू घे, वर तुला सागवानी पलंग देतो, नक्षीचा. टेलर तयार होता. त्याच्या बायकोनं पलंग बघूनसुद्धा ठेवला. मास्तरांना कळलं तेव्हा ते दुकानात आले आणि पलंगावर छत्री आपटली.

"अध्याय म्हणजे काय पलंग आहे? बदलून मागतोस?"

"मला नको तो."

"का नको?"

का ते मी सांगितलं नाही. त्यांना कळायला हवं होतं. वीस घरांतून नेमका मी सापडतो, आणि कारण मीच सांगायचं? ते निघून गेले, आणि त्या दिवसापासून मी ती यादी रागानं पाठ केली. रागानं पाठ केलेलं पक्कं बसतं. सात वर्षांत माझ्यासाठी छत्रीचा एक ठोका पडला नाही. खिळे ठोकावे तसे मी बाप ठोकत जायचो.

नाही म्हणायला, माझ्या लग्नात मुलाकडच्या बाजूला कोण बसणार असा प्रश्न आला तेव्हा मास्तर स्वतःहून येऊन बसले होते. पण तिथेही त्यांनी माझ्या सासऱ्यांना, ते आदल्या दिवशी प्रवास करून आलेले, त्यांच्या गावच्या मंडळीला किती पाठ आहे ते विचारून हैराण केलं. बायको अजून म्हणते, "अहो, ते बसले होते हे तरी धरा." मी धरत नाही असं नाही.

मग राज्याचे तुकडे व्हायची वेळ आली. मराठवाडा मुंबईकडे जाणार, कानडी जिल्हे म्हैसूरकडे, आणि आपलं हैदराबाद आंध्राला. कचेऱ्यांतून याद्या लागायला लागल्या. कुणाचं नाव औरंगाबादला, कुणाचं गुलबर्ग्याला, कुणाचं अजून लागलंच नाही. आमच्या मंडळीतली बहुतेक माणसं नोकरदार. रविवारी उपासनेआधी दाराशी दुसरं बोलणंच नसायचं. सहावा रोज संध्याकाळी याद्या वाचून यायचा आणि आपलं नाव नाही म्हणून घाबरायचा. दुसऱ्या दिवशी नाव असेल म्हणून घाबरायचा.

माझं नाव कुठल्याच यादीत यायचं नव्हतं. दुकानदाराची बदली कोण करणार? उलट माझी चलती सुरू झाली. जाणारा माणूस सामान विकतो, आणि त्याला घाई असते. घाई असलेल्या माणसाकडून माल घेणं ही माझी विद्या. मी लपवत नाही. रोज सामान लादलेल्या दोन-तीन बंड्या दुकानासमोर उभ्या राहायच्या.

तेव्हापासून मास्तर दुकानात यायला लागले. अंबरपेठेहून पूल ओलांडून चालत यायचे, सकाळी दुकान उघडायच्या वेळेला. माझ्याशी बोलायचे नाहीत. नव्या आलेल्या सामानातून हळूहळू फिरायचे, एकेका वस्तूला हात लावत. मला आधी कळेना. मग एका खुर्चीपाशी ते थांबले. तिच्या उंच पाठीवर ब्लेडनं कोरलेल्या रेघा होत्या.

"ही अकराव्याची," ते म्हणाले. "त्याच्या पोरांची उंची मोजायचे हिच्यावर."

"हौ," मी म्हटलं.

"त्यानं मला सांगितलं नाही जातोय म्हणून."

तेव्हा लक्षात आलं. कोण जाणार हे मंदिराच्या आधी माझ्या दुकानाला कळत होतं. माणसं मास्तरांना तोंड दाखवायला भीत, पण कपाट आधी माझ्याकडे पाठवत. मास्तर मग तिथून थेट त्या घरी जायचे. कशाला चाललात म्हणून भांडायला नव्हे. "अध्याय मागे ठेवून जा," एवढंच सांगायला. जाणाऱ्या घरानं राहणाऱ्या घराला आपला अध्याय शिकवायचा, गाडीत बसायच्या आत. सामान बांधता बांधता, दोऱ्या आवळता आवळता माणसं शिकवत होती. माझ्या बायकोनं असे तीन घेतले. चुलीपाशी तिचं सुरू असायचं आणि मध्येच मला हाक, "अहो, या नवव्यात जकातीच्या नाक्यावरचा माणूस उठतो तो आधी का मेलेली मुलगी आधी?"

मला काय माहीत? माझा पहिला.

मास्तरांचा चेहरा त्या महिन्यांत उतरत गेला. दुकानात शिरताना ते उंबऱ्याशी थांबायचे, आत काय दिसेल म्हणून. मी चिडायचो. "मास्तर, मी नाही कुणाला घालवत. आणलेलं घेतो फक्त."

"तू आमच्या पांगापांगीचा भाव करतोस," ते म्हणायचे. आणि तरी दुसऱ्या दिवशी यायचे.

एके सकाळी ते आले आणि बंडीवाला एक सागवानी टेबल उतरवत होता. "सेठ, इसकू किधर रखूं?" मास्तरांनी टेबल पाहिलं. मोठं, जुनं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी बांधलेली. सहाव्याचं. त्याचं नाव शेवटी यादीत लागलं होतं, औरंगाबाद. त्याच आठवड्यात टेलरनंही परभणीला भावाकडे जायचं ठरवलं, कारण त्याची गिऱ्हाइकं म्हणजे हेच जाणारे लोक. आणि अय्यगारूंचा निरोप आला की इतक्या थोड्या घरांसाठी वेगळी उपासना ठेवणं जमणार नाही, पुढच्या महिन्यापासून मराठी माणसांनी दहाच्या तेलुगू उपासनेला यावं.

मास्तर त्या टेबलावर बसले. मी कधी त्यांना विकायच्या वस्तूवर बसलेलं पाहिलं नव्हतं.

"येत्या रविवारी एकदा सगळं म्हणायचं," ते म्हणाले. "पहिल्यापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत. एका बैठकीत, पुस्तक न उघडता. सहाला सुरू केलं तर दहाच्या आत होईल. सहावा आणि तेरावा दोघंही दुपारच्या गाडीनं जातायत. नंतर नाही होणार. कधीच नाही होणार."

छत्रीचा दांडा त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. मी हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढं मी जे केलं ते हात बघूनही केलं.

शनिवारी ते पुन्हा आले. "उद्या सहाला. तू पहिला."

"मी उभा राहणार नाही," मी म्हटलं.

बायको आतून चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. मास्तर माझ्याकडे बघत राहिले. पहिलाच उभा राहिला नाही तर पुढच्या सत्तावीसांना अर्थ नव्हता, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

"बोल," मास्तर म्हणाले. "तू उगाच नाही म्हणणारा माणूस नाहीस. काय हवंय?"

"कारण. मला बापांची यादी का दिलीत. उद्या सांगायचं, सगळ्यांसमोर. हसले होते तेही असतील."

"सगळ्यांसमोर नाही."

"मग मीही नाही."

"अय्यगारूंसमोर सांगतो."

"त्यांना अर्धं मराठी कळत नाही."

"तुझ्या बायकोसमोर."

मी विचार केला. "आत्ता?"

"आत्ता."

"बसा," मी म्हटलं. ते सहाव्याच्या टेबलावर बसले. बायकोनं चहा ठेवला आणि तीही एका खोक्यावर बसली, पदर सावरून, साक्षीला बसावं तशी.

"तो अध्याय मी माझ्यासाठी ठेवला होता," मास्तर म्हणाले. "मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा माझ्या बापानं माझ्या नावानं मडकं फोडलं. जिवंतपणी. तेराव्या दिवशी गावजेवण घातलं. मी वेशीबाहेर लिंबाखाली उभा राहून ती पंगत पाहिली. माझ्याच तेराव्याची. भात वाढत होते ते माझे चुलते. तेव्हापासून मी त्याचं नाव घेतलं नाही. शाळेत रुजू झालो तेव्हा बापाच्या रकान्यात रेघ मारली." त्यांनी चहा उचलला आणि न पिता ठेवला. "ती यादी म्हणायला लागलो की सात-आठ बाप नीट जायचे. मग मध्येच माझा येऊन उभा राहायचा. आवाज अडायचा. कितीदा करून पाहिलं. म्हणून म्हटलं, ज्याच्याकडे अडायला कुणी नाही अशाला द्यावा. तुझ्याकडे कुणी नव्हतं."

बघा. म्हणजे माझा संशय खराच होता. बाप नाही म्हणूनच दिला होता. सात वर्षं मी जे मनात धरून होतो ते बरोबर निघालं, आणि बरोबर निघाल्यावर काय करायचं ते मी ठरवून ठेवलं नव्हतं.

बायको म्हणाली, "मास्तर, हे तुम्ही तेव्हाच सांगायचं होतं."

"तेव्हा त्यानं कारण कुठं विचारलं? बदलून मागितला." मास्तर उठले. "सौदा झाला ना?"

"झाला," मी म्हटलं. सौद्यात मी शब्द फिरवत नाही.

रविवारी सहाला अजून पुरतं उजाडलं नव्हतं. मंदिरात जेमतेम दहा घरं. मागच्या भिंतीशी टेलरच्या वळकट्या आणि शिलाई यंत्राचं डोकं, गोणपाटात गुंडाळलेलं. सहाव्याची बायको भाकरीची गाठोडी मांडीवर घेऊन बसली होती, आणि सहावा दर दोन मिनिटांनी खिशातलं तिकीट चाचपत होता. पेटीला कुलूप पडलं. मास्तर पहिल्या बाकावर बसले, छत्री दोन्ही गुडघ्यांत उभी. "पहिला."

मी उभा राहिलो. अब्राहामापासून सुरुवात केली. नेहमीसारखं चाललं होतं. बाप जात होते, मुलगे येत होते, मुलगे बाप होत होते. मी समोरच्या पत्र्याच्या एका भोकाकडे बघून म्हणायचो, म्हणजे माणसं दिसत नाहीत. त्या दिवशी का कोण जाणे मी खाली पाहिलं. मास्तर बोटांवर मोजत होते. माझा एकेक बाप ते बोटाच्या पेरावर घेत होते, आणि ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. सातवा, आठवा झाला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मग उघडले. मोजत राहिले.

मी राजांपर्यंत आलो. देशोधडीला लावलेल्या लोकांपर्यंत आलो. त्यानंतरची नावं कुणाला माहीत नसतात, ती म्हटली. आणि शेवटचा सुतार आला.

आवाज निघेना.

नाव जिभेवर होतं. मी ते विसरलो नव्हतो, हे मी कुठंही शपथेवर सांगेन. नाव तोंडात होतं, आणि समोर तो म्हातारा सुताराचा आकडा मोजायला अंगठा पेरावर ठेवून थांबला होता, ज्याच्या मते माझ्याकडे अडायला कुणी नव्हतं.

पहिला ठोका पडला.

सहाव्याचा हात खिशावर तसाच. माझी बायको माझ्या शेजारी बसली होती, तिला ते नाव माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं, लहान पोराला विचारलं तरी सांगेल. पण नियम नियम होता. तिनं ओठ दाबून धरले. हा सुटला की सगळंच सुटलं, आणि दुपारी गाडी.

दुसरा ठोका.

मी तोंड उघडलं. घशातून नुसती हवा आली. छत्री वर उचलली गेली, ती मी पाहिली. खाली आली नाही.

"योसेफ," मास्तर म्हणाले.

ज्या माणसानं चुनाभट्टीपासून कुणाला एक अक्षर सुचवलं नव्हतं, पाळकाला सुचवलं नव्हतं, त्यानं सुचवलं. आणि बापांच्या यादीतलं नाव, स्वतःच्या तोंडानं, न अडता. मी पुढचं म्हटलं. तो सुतार घाबरला होता, आणि तरी त्यानं आईला आणि मुलाला घरात घेतलं, तिथपर्यंत सगळं म्हटलं आणि खाली बसलो. पुढे दुसरा झाला, तिसरा झाला. सहाव्यानं चिंता करू नका हे तिकिटावर हात ठेवून म्हटलं, एका दमात, आणि त्याला ठोका पडला नाही. सतराव्याच्या मावशी उभ्या राहिल्या तेव्हा सगळे हसले, त्याही हसल्या. माझ्या बायकोनं तिन्ही म्हटले. अठ्ठाविसावा संपला तेव्हा तेलुगू मंडळी दारात चपला काढत होती.

मास्तर उठले आणि म्हणाले, "झालं." पुरं झालं की सुटलं, ते काही बोलले नाहीत. नियमानं पाहिलं तर पहिलाच सुटला होता.

बाहेर टेलरची बंडी भरेपर्यंत मी त्यांना गाठलं. "मास्तर, मला ते येत होतं."

"हौ, हौ."

"हौ काय? खरंच येत होतं. तुम्ही नियम मोडलात."

"मोडला."

"कशाला मोडलात? तिसरा ठोका मारायचा होता. मी म्हणालो असतो."

"तेलुगू मंडळी दारात आली होती बाबा. किती थांबायचं माणसानं?" ते म्हणाले. तेलुगू मंडळी तेव्हा कुठं आली होती? साडेसहा वाजले होते. आणि ते टेलरच्या बायकोला तेरावा परभणीत कुणाला शिकवायचा ते सांगायला निघून गेले.

त्यानंतर मास्तर दोन वर्षं जगले. दहाच्या उपासनेला येऊन शेवटच्या बाकावर बसायचे. पुस्तक हातात घ्यायचे नाहीत. तेलुगू वाचन सुरू झालं की त्यांचे ओठ मराठीत हलायचे. शेजारची माणसं आधी वळून बघायची, मग सवय झाली. माझ्या दुकानात ते येत राहिले, पण सामान बघायला नाही. चहा प्यायचे, माझ्या बायकोकडून नववा म्हणवून घ्यायचे आणि जायचे. मी दर खेपेला तो विषय काढायचो. ते दर खेपेला म्हणायचे, "आलं ना शेवटी? बस."

उन्हाळ्यात गेले. सहाव्याचं टेबल मी विकलं नव्हतं. चांगली किंमत येत होती, तरी नव्हतं विकलं. ते फोडून मी स्वतः त्यांची शवपेटी केली. सांधे एकही खिळा न मारता बसवले, कारण ते जवळ उभे राहून नावं ठेवत असल्यासारखं वाटत होतं. छत्री आत ठेवली.

दफनभूमीच्या कचेरीत वही घेऊन एक मियाँ बसले होते. नाव लिहिलं, वय लिहिलं. मग वर पाहिलं.

"बाप का नाम?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शाळेच्या कागदांत रेघच होती. अय्यगारू हळूच म्हणाले, "माहीत नसेल तर रेघ मारू द्या."

"योसेफ," मी म्हटलं.

मियाँनी लिहिलं. "बाप का काम?"

"सुतार."

अय्यगारूंनी माझ्याकडे पाहिलं. एका दमात म्हटलं होतं मी. ठोका नाही, थांबणं नाही. बायको शेजारीच उभी होती. बाकीच्यांचं सोडा, एवढी एक साक्षीदार पक्की आहे. विचारा तिला, मला ते नाव येत होतं की नाही.